परीक्षितला चार ओळी

एजवेअर, २६ मार्च २००६

अहो,

मायना काय लिहावा याचा विचार करता करता चहा गार झाला, म्हणून नुसतं 'अहो' लिहिलं. सदतीस वर्षं हाक तीच आहे.

आज दुपारी फोनवर तुम्ही टाकीच्या पाण्याबद्दल आणि गुडघ्याबद्दल बोललात. मी इथल्या थंडीबद्दल बोलले. मग तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणालात आणि मला सांगायचं होतं ते राहिलं. फोनवर आपल्या मुलाचं नाव काढायचं नाही असा तुमचा नियम आहे. पत्राबद्दल तुम्ही काही नियम केलेला नाही.

परीक्षितला जॉर्ज मेडल मिळालं आहे. शौर्याचं मोठं पदक आहे, म्हणतात. गेल्या सप्टेंबरात इराकमध्ये, बसऱ्यात, रस्त्याकडेला पुरलेला एक बॉम्ब त्यानं हातांनी उघडून निकामी केला. शेजारी शाळा होती, त्यामुळे लांबून फोडून टाकता येईना. सहा तास लागले. त्याच रस्त्यावर त्याच सकाळी दुसरा एक फुटला होता आणि त्यानं हा दहा पावलं मागे फेकला गेला होता, तरी उठून परत गेला. आलेल्या कागदात लिहिलं आहे, 'स्वतःच्या सुरक्षिततेची तमा न बाळगता.' इंग्लिशमध्ये ते फार भारदस्त वाटतं. मी तीनदा वाचलं. त्यानं नाही बाळगली तर कोणी बाळगायची? मी इथे, तुम्ही तिथे.

हे त्याचं दुसरं पदक. पहिलं शहाण्णव साली, उत्तर आयर्लंडमधल्या कामाबद्दल. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ते सहा वर्षं आपल्या बेडरूममध्ये माझ्या साड्यांच्या खाली होतं. निवृत्त होऊन मायदेशी परत जाईपर्यंत तुम्ही त्याच खोलीत झोपत होता.

नव्वद साली तो मेडिकलचं दुसरं वर्ष सोडून सैन्यात गेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'माझे वडील बेचाळीस साली येरवड्यात होते. त्यांचा नातू त्याच मुकुटाला सलाम ठोकणार असेल तर मला मुलगा नाही.' मी गप्प बसले. गप्प बसण्यात मी तुमच्याहून हुशार आहे असं मला तेव्हा वाटायचं. आज लिहूनच टाकते. त्र्याऐंशी साली आपण इथलं नागरिकत्व घेतलं. शपथेचा कागद त्याच मुकुटाच्या नावाचा होता आणि त्यावर तुमची सही माझ्या आधी झाली होती.

भांडायला लिहिलेलं नाही. जुलैमध्ये पॅलेसमध्ये समारंभ आहे. त्याला तीन माणसं नेता येतात. एक मी. दुसरं नाव तुमचं लिहू का? पुढच्या रविवारी फोनवर नुसतं 'हो' म्हणा. कशाबद्दल ते बोलू नका. मला कळेल.

सुप्रभा


एजवेअर, १६ जुलै २००६

अहो,

तुम्ही 'पत्र पोचलं' म्हणालात आणि सोसायटीच्या निवडणुकीवर गेलात. म्हणून तुमच्या जागी पॅलेसमध्ये रीस आला.

रीस हा परीक्षितचा नंबर टू. परीक्षित बॉम्बकडे एकटा चालत जातो, तेव्हा मागे गाडीपाशी थांबणारा. त्याला तो स्फोटापासून वाचवणारा जड सूट चढवायचा, हेल्मेटची काच पुसायची, पाठीवर थाप मारून सोडायचं. जाताना शेवटचा चेहरा दिसतो तो याचा, असं परीक्षित म्हणाला. वेल्सचा आहे, एकोणतीस वर्षांचा, तांबूस केसांचा, आणि सतत बोलतो. सैन्यात परीक्षितला 'पॅरी' म्हणतात. रीस मला म्हणाला, "मिसेस पी, पॅरी हे आमच्याकडचं आडनाव आहे. तुमचा मुलगा वेल्श आहे, तुम्ही मान्य करत नाही एवढंच."

मी माझी नारायणपेठ नेसले होते आणि वरून रेनकोट, कारण पाऊस. मोठ्या हॉलमध्ये लाल-सोनेरी खुर्च्या, वर गॅलरीत बँड हळू आवाजात वाजत होता. ज्यांना पदक मिळणार त्यांच्या छातीवर आधीच एक बारीक हूक अडकवून ठेवतात, म्हणजे पदक नुसतं टांगायचं. मला ती युक्ती आवडली. त्याचं नाव पुकारलं ते अगदी बरोबर पुकारलं, परीक्षित कमलाकर परचुरे. इथल्या शाळेत ते कधी कोणाला जमलं नव्हतं. तुमचंही नाव त्या हॉलमध्ये घेतलं गेलं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

बाहेर अंगणात फोटो काढताना त्यानं विचारलं, "आई, बाबांना सांगितलास?"

"सांगितलं. गुडघ्यामुळे प्रवास जमला नाही त्यांना."

"ओके," म्हणाला, आणि माझ्या पदराचं टोक सरळ केलं. त्याची बोटं तुमच्यासारखी आहेत. इतकी वर्षं मी ते मनात म्हणत होते, आज लिहिलं.

सु.


एजवेअर, १८ नोव्हेंबर २००७

अहो,

दिवाळीत परीक्षित आणि रीस दोघंही इथे होते. रीसनं एका बैठकीत अकरा चकल्या खाल्ल्या आणि त्याच्या आईसाठी कृती लिहून घेतली. भाजणी म्हणजे काय हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

मंडळाचे शशिधर आले होते, परीक्षितचा सत्कार करायचा म्हणून. तो नको म्हणाला. मी आग्रह केला. खरं सांगते, मला हवा होता. सतरा वर्षं मंडळात कोणी विचारलं की 'तो बाहेरगावी असतो' एवढंच मी सांगत आले, तुमच्यासाठी. मला एकदा पहिल्या रांगेत बसायचं होतं.

तो आला, सूट घालून, सगळी पदकं लावून. वेम्बलीच्या हॉलमध्ये दोनशे माणसं. शाल, श्रीफळ, भाषणं. एक गृहस्थ उठून म्हणाले, "ब्रिटिश आर्मीत का? आपल्या आर्मीत का नाही?"

हा म्हणाला, "काका, मी इथे मोठा झाला. माझा शाळा इथे होता." लोक हसले, त्याच्या 'माझा शाळा'ला. तोही हसला. नंतर गाडीपाशी आलो, तर मला दार उघडू न देता तो त्या चांगल्या सुटासकट ओल्या डांबरावर गुडघे टेकून गाडीखाली बघत बसला. शेजारी देशमुख मंडळी उभी होती. मी म्हटलं, काहीतरी पडलंय त्याचं. रीसनं माझ्याकडे पाहिलं.

ती आयर्लंडची सवय आहे, तिथे गाड्यांखाली बॉम्ब लावायचे, दुसरं काही नाही. झोप नीट लागते, जेवण चांगलं आहे. मार्चमध्ये दोघं अफगाणिस्तानात हेलमंडला चालले आहेत, सहा महिन्यांसाठी.

काळजीचं कारण नाही.

सु.


एजवेअर, २९ जून २००८

अहो,

आज फोनवर माझा आवाज बसलाय म्हणालात. सर्दी आहे.

परीक्षितच्या बरोबरचा एक जण गेला. बातम्यांत दाखवलं, तुमच्याकडे दिसलं नसेल. परीक्षित सुखरूप आहे, त्याला खरचटलेलंही नाही. लवकर घरी येईल. तुमच्या औषधांची यादी सोबत पाठवते, लाल गोळी आता अर्धीच घ्यायची.

सु.


एजवेअर, ११ जानेवारी २००९

अहो,

मी तुम्हाला खोटं लिहीत आले. आज खरं लिहिते. एका बैठकीत लिहून होणार नाही, म्हणून सकाळपासून बसले आहे.

'बरोबरचा एक जण' म्हणजे रीस होता.

परीक्षित सप्टेंबरपासून घरी आहे. रविवारी आपण बोलतो तेव्हा तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला असतो. सुट्टीवर नाही, आजारी रजेवर. सैन्यातून कायमचं सोडण्याचे कागद चालू आहेत. अठरा वर्षांची नोकरी. तो छोट्या खोलीत राहतो, जिथे तुमची जर्नल्स होती. पुढच्या दारानं जातो-येतो, मागच्या बागेत उतरत नाही, कारण तिथे गवत आहे. फरशी आणि डांबर चालतं. मी बागेत कपडे वाळत घालायला गेले की खिडकीत उभा राहतो आणि मी आत येईपर्यंत खिडकीच्या चौकटीवरचा हात काढत नाही.

काय झालं ते मला नोव्हेंबरात कळलं, तेही त्यानं मला सांगितलं म्हणून नाही. रीसच्या आईला भेटायला जायचं म्हणाला. ती नीथला राहते, वेल्समध्ये, पॅडिंग्टनहून अडीच-तीन तास. मी म्हटलं, मी येते. नको म्हणाला नाही.

छोटं घर, घरांच्या रांगेतलं. तिचं नाव मेगन. माझ्याच वयाची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिनं दार उघडलं आणि आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच का त्या चकलीवाल्या?" मला तिथेच रडू कोसळलं. ती रडली नाही.

बसल्यावर परीक्षितनं कोटाच्या खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. जॉर्ज मेडल. म्हणाला, "हे त्याचं आहे. तो नसता तर मला मिळालं नसतं. प्लीज, ठेवा."

तिनं डबी उघडलीसुद्धा नाही. एका बोटानं ती त्याच्याकडे परत सरकवली. राग नव्हता. पुढ्यात आलेली नको असलेली बशी सरकवावी तशी. मग चहा केला. चहा ओतून झाल्यावर विचारलं, "शेवटी काही बोलला का तो?"

"नाही," परीक्षित म्हणाला. "काही कळलंच नाही त्याला. एका क्षणात झालं."

"थँक यू," ती म्हणाली. दुसरं तिनं काही विचारलं नाही, आणि आम्ही निघताना तिनं माझा हात धरला, त्याचा नाही.

परतीच्या गाडीत समोरासमोर बसलो होतो. न्यूपोर्ट गेल्यावर तो बोलायला लागला, खिडकीकडे बघत, मराठीत. आजूबाजूला कोणाला कळू नये म्हणून असेल.

हेलमंडच्या उन्हात तो जड सूट घालत नाहीत. पोटावर झोपून, ब्रशनं माती सारत, परीक्षित एक अरुंद वाट तपासतो आणि साफ झाली की सांगतो. मग त्या वाटेनं बाकीचे येतात. त्या दिवशी चाळीस मीटरची वाट होती. सकाळपासून चार बॉम्ब काढून झाले होते. रीस मागे उभा राहून ओरडला, "क्लिअर आहे का, बॉस?"

"आणि मी क्लिअर बोलला, आई." मग म्हणाला, "ते त्याचा शेवटचा प्रश्न होता. मी उत्तर दिला."

रीसच्या पायाखाली लाकूड आणि प्लॅस्टिकचा बॉम्ब होता, यंत्राला सापडेल असा धातू त्यात जवळजवळ नव्हता. चौकशीत म्हणाले, कोणालाही सापडला नसता. हे त्याला पाठ आहे. 'कोणालाही सापडला नसता' हे तो असं म्हणतो जसं लहानपणी रामरक्षा म्हणायचा, अर्थ न कळता.

आणि तो लगेच गेला नाही. वीस मिनिटं होता. परीक्षितच्या मांडीवर. काय बोलला ते मला सांगितलं, पण मी इथे लिहिणार नाही. त्याच्या आईला जे माहीत नाही ते तुम्हाला का कळावं?

आता तुम्हाला सगळं माहीत आहे.

सुप्रभा


एजवेअर, ८ मार्च २००९

अहो,

दोन महिने झाले. आठ रविवार. तुम्ही 'पत्र पोचलं' म्हणालात. मग गॅस, गुडघा, नव्या लिफ्टचं काम. मी ऐकून घेतलं. तो वरच्या पायरीवर बसून ऐकत होता, हे आता तुम्हाला माहीत होतं.

एक मागणं आहे, आणि ते माझं नाही, त्याचं आहे. परवा मी वरण-भात घेऊन खोलीत गेले तेव्हा त्यानं विचारलं, "बाबांनी त्या मुलीबद्दल कधी काय बोलले का?"

मला आधी कळेना. मग कळलं.

चौऱ्याऐंशी साली ती सहा वर्षांची मुलगी, टॉन्सिल्सच्या ऑपरेशनची. तुम्ही भूल दिली आणि ती जागी झालीच नाही. तुमची चूक नव्हती, हे लेखी आलं होतं. त्या दिवशी दुपारी तुम्ही घरी आलात आणि गाडीतून उतरलाच नाहीत. दारासमोर गाडी, आत तुम्ही, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी खिडकीतून बघत होते. बाहेर यायचं धाडस मला झालं नाही. परीक्षित चौदा वर्षांचा होता. तो शाळेतून आला, आत येऊन एक कप चहा घेतला, जाऊन तुमच्या शेजारच्या सीटवर बसला. तासभर तुम्ही दोघं बसला होता. मी त्याला तेव्हा विचारलं, बाबा काय म्हणाले? तो म्हणाला, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी केलीत, टाय बांधलात आणि कामावर गेलात. त्या दिवशीच्या यादीत पाच ऑपरेशन्स होती. आणि नंतर अठरा वर्षं रोज गेलात.

"त्यांनी कसा केला?" परीक्षित मला विचारत होता. "दाढी करताना ते स्वतःला काय बोलले? आई, एवढंच पाहिजे. डॉक्टर लोक मला गोळ्या देतात, बोलायला सांगतात, ते चांगले आहेत. पण त्यांच्यातल्या कोणी असा केलेला नाही. बाबांनी केलाय."

मला उत्तर माहीत नाही. पंचवीस वर्षांत मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही. आपला संसार असाच झाला, तुम्ही गाडीत आणि मी खिडकीत.

अहो, मुकुट वगैरे सगळं राहू द्या. तुम्ही बरोबर होता असं मी लिहून देते, हवं तर सही करते. तुम्ही या असंही म्हणत नाही, गुडघा आहे, मला माहीत आहे. चार ओळी लिहा. त्या सकाळी तुम्ही कसे उठलात. काहीच विचार केला नव्हता, नुसते उठलात, असं असेल तर तसं लिहा. जगात एका माणसाकडे हे उत्तर आहे, आणि तो त्याचा बाप आहे.

पाकीट सोबत ठेवलं आहे, पत्ता घालून. इंग्लिशमध्ये लिहा, मराठी वाचायला त्याला वेळ लागतो.

सुप्रभा


एजवेअर, २४ मे २००९

अहो,

आज काय झालं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे, तरी लिहिते. उद्या तुम्ही म्हणाल, असं काही झालंच नाही.

अकरा आठवडे तो पोस्टाची वाट बघत होता. तोंडानं एकदाही म्हणाला नाही. पण पोस्टमन यायच्या वेळेला तो खाली येऊन पायरीवर बसायचा आणि पत्रं दारातून पडली की मला उचलू द्यायचा. बिलं, कॅटलॉग, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट. मग 'ओके' म्हणून वर जायचा.

आज मी मुद्दाम वाटाणे सोलत बसले. तुमच्या फोनची वेळ झाली. घंटी वाजली आणि मी म्हटलं, "परीक्षित, हात खराब आहेत माझे, घे जरा." मी ठरवून केलं. दोन महिने मनात घोळवत होते. पत्र लिहिणं जमत नसेल, पण कानात मुलाचा आवाज पडला तर काहीतरी होईल. एकोणीस वर्षांनी होईल.

त्यानं फोन उचलला. "हॅलो." मग म्हणाला, "बाबा? मी परीक्षित."

मी वाटाण्यांवर हात तसाच ठेवून बसले होते. त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं फोन माझ्यापुढे धरला आणि अगदी सभ्यपणे, निरोप द्यावा तसं, सांगितलं, "'सुप्रभाला दे' म्हणाले."

दोन शब्द, अहो. चार ओळी मागितल्या होत्या.

मी फोन घेतला तर तुम्ही विचारलंत की लाल गोळी अर्धी किती दिवस घ्यायची. तुमचा आवाज कापत होता. तो मला ऐकू आला. तुम्हाला काय वाटलं ते मला कळलं, मी सदतीस... आता चाळीस वर्षं तुमच्याबरोबर आहे. पण त्याला ते कसं कळणार? त्याच्या कानात फक्त दोन शब्द पडले. तुमचं कापणं तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवलंत. मला ते नको होतं.

तो वर गेला आहे. दार लावलं आहे. मी त्याला सांगायला गेले, "ते घाबरले रे. त्यांना बोलायचं होतं."

"आई," तो आतून म्हणाला, "तू त्यांच्यासाठी बोलू नको आता."

परत फोन करा. आजच. हे पत्र पोचायला आठ दिवस लागतील, तोपर्यंत वाट बघू नका. मीच केला असता, आत्ताच करून पाहिला, तुम्ही उचलत नाही.

सु.


एजवेअर, ४ ऑक्टोबर २००९

अहो,

मे महिन्यानंतर मी लिहिलं नाही आणि रविवारी फक्त 'हो' आणि 'नाही' म्हणाले. तुम्ही विचारलं नाहीत. आता शेवटचं लिहिते.

तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी, परीक्षित सकाळी घरातून गेला. खोली आवरलेली होती. टेबलावर पदकांच्या डब्या आणि त्यांच्यावर एक चिठ्ठी. 'आई, हे कोणाला देऊ नको, कोणी घेत नाही.' मी पोलिसांना कळवलं, मेगनला फोन केला, इतर कोणाला करायचा ते सुचेना. तुम्हाला केला नाही. केला असता तर तुम्ही काय केलं असतंत याचं उत्तर मला नको होतं.

गुरुवारी सकाळी तो सापडला. नीथपासून जवळच समुद्र आहे. तिथल्या वाळूत, ओहोटीच्या वेळी पाण्याच्या दिशेनं बराच आत चालत गेला होता, आणि मध्येच थांबला. का गेला होता ते मला माहीत आहे आणि मी लिहिणार नाही. पण थांबला तो वेगळ्या कारणानं. पुढे पाऊल टाकवेना आणि मागेही टाकवेना, कारण वाळू कोणी तपासलेली नव्हती. भरती येत होती. कुत्रा फिरवणारी एक बाई लांबून हाका मारत राहिली. तो ओरडून तिला सांगत होता, इकडे येऊ नका, क्लिअर नाही, तिथेच थांबा. तिला वाचवत होता तो. पाणी मांड्यांपर्यंत आलं तेव्हा जीवरक्षक दलाचे दोघे जण पोचले. त्यांना तो येऊ देईना. शेवटी त्यांच्यातल्या एकाला सुचलं. तो म्हणाला, "मी आत्ता ज्या पावलांवरून आलो, त्याच पावलांवर पाय ठेव. तेवढी वाट साफ आहे." तसा तो आला, एकेक पाऊल मोजून.

आता तो इथल्या मानसोपचाराच्या वॉर्डात आहे, एजवेअरपासून दोन बस. दाराला कुलूप असतं. मी रोज दुपारी जाते. तो बहुतेक दिवस बोलत नाही. नखं मी कापते. गेल्या रविवारी मेगन आली होती, वेल्सहून, एवढ्या लांब. तिला कोणीतरी सांगितलं असेल, नाहीतर त्यानंच सांगितलं असेल, मी विचारलं नाही. ती अर्धा तास त्याच्याजवळ बसली. जाताना मला कॉरिडॉरमध्ये म्हणाली, "खरं सांगितलं त्यानं मला. वीस मिनिटं. सगळं." मी तिची क्षमा मागायला लागले, तर म्हणाली, "तो एकटा नव्हता ना. माझ्या मुलाचं डोकं कोणाच्या तरी मांडीवर होतं ना." आणि भिंतीला टेकून रडली, पहिल्यांदा. मी तिला धरून उभी राहिले. मग तिची गाडी होती, ती गेली. त्यानंतर परीक्षितला काही बरं वाटलं असं नाही. मला वाटलं होतं, वाटेल.

रविवारी फोन करू नका. मी दुपारी वॉर्डात असते आणि घरी कोणी उचलायला नाही. गोळ्यांचं डॉक्टर गोखल्यांना विचारा, मी त्यांना सगळं कळवलं आहे. तुम्ही एकटे आहात याचं मला वाईट वाटतं, हेही खरं आहे. पण दोन ठिकाणी वाईट वाटायला माझ्यात आता ताकद नाही, आणि मी हे ठिकाण निवडलं आहे.

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. पहिल्या दिवशी वॉर्डात एक नर्स फॉर्म भरायला आली. नायजेरियाची बाई, फार मायेची. खाटेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. ती एकेक प्रश्न विचारायची आणि तो हळूहळू उत्तर द्यायचा. नाव. जन्मतारीख. नोकरी. 'सोल्जर,' तो म्हणाला, मग म्हणाला, 'नाही. होतो.' लग्न? नाही. आई? त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"वडील?"

त्यानं तिच्या पेनाकडे पाहिलं.

"वारले," म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आय ॲम सॉरी म्हणाली आणि तसं लिहिलं. मग फॉर्म वाचून बघायला माझ्या हातात दिला, काही चुकलं असेल तर सांगा म्हणून.

मी वाचला. चुकलेलं काही नाही म्हटलं, आणि खाली सही केली.

सुप्रभा